उंबऱ्यावरची खडीसाखर

सुरतेत बंद दार पाहून ज्यांचा चेहरा खुलतो अशी माणसं दोनच प्रकारची. एक चोर आणि दुसरे माझे साडू. चोरांशी माझी ओळख नाही. साडूंबरोबर मात्र रविवारच्या सकाळी मी इतक्या अनोळखी दारांसमोर उभा राहिलो आहे, की आता झोपेतही मला दारंच दिसतात, आणि ती नेमकी उघडायच्या बेतात असतात.

साडू मूळचे परभणीकडचे. तरुणपणी सुरतेत आले, लूमच्या कारखान्यात सुपरवायझर झाले आणि निवृत्त होईपर्यंत मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. ऐकू न येणारा माणूस चिडका होतो म्हणतात, ते साडूंच्या बाबतीत अगदी खरं होतं. जेवताना त्यांनी ताट आपटलं नाही असा दिवस जात नसे. मग कोणीतरी त्यांना एका सत्संगात नेलं. तिथं त्यांना एवढंच सांगितलं, की संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की घरातल्या सगळ्यांनी पाच मिनिटं एकत्र बसायचं आणि काही बोलायचं नाही. न बोलणं आणि न ऐकणं साडूंना सोपंच होतं. पण त्या पाच मिनिटांत काय झालं कोणास ठाऊक, ताट आपटणं थांबलं. आणि जे आपल्याला मिळालं ते अख्ख्या सुरतेला मिळालं पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांना वर्गणी नको होती की कोणाला सत्संगाचा सभासद करायचं नव्हतं. फक्त दारोदार जाऊन ही पाच मिनिटं सांगायची होती.

माझं मत विचाराल तर देव घरात असावा आणि घराचं दार बंद असावं. पण माझं मत कोणी विचारलं नाही. साडूंची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी, हिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताईनं एके दिवशी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. त्या सुमारास फोनवर काय काय फिरत होतं. कुठं दारोदार हिंडणाऱ्या दोघांना पोरं पळवणारे म्हणून मारलं, कुठं धर्म बदलायला आले म्हणून घेरलं. खरं किती, खोटं किती, देव जाणे.

"तुम्ही यांच्यासोबत जात जा," ताई म्हणाली. "यांना ऐकू येत नाही. कोणी अंगावर आलं तरी हे हात जोडून हसत राहतील."

"पण ताई, ते आपल्याच देवाचं सांगतात ना?"

"मारणारा आधी देव विचारतो का?"

मी बँकेत नोकरी करणारा, रस्ता ओलांडतानाही दुसऱ्याच्या मागून ओलांडणारा माणूस. अशा माणसाला ताईनं रक्षक नेमलं. नाही म्हणायचीही मला भीती वाटली, म्हणून मी हो म्हणालो.

साडूंचा रविवार हा सोहळा असतो. पांढरा कडक इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, आणि खांद्याच्या पिशवीत खडीसाखर. प्रत्येक दारापुढे ते आधी चपला काढतात. दार उघडायचं असतं, उघडेल की नाही ठाऊक नसतं, पण चपला आधी. "देवाचं बोलायचं तर पायात कातडं कशाला?" असं त्यांचं म्हणणं. माझा जीव त्या चपलांत अडकलेला असे. पळायची वेळ आली तर हा माणूस आधी चपला शोधणार! म्हणून मी मात्र बूट घालून जाई, नाड्या घट्ट आवळून, आणि उभा राही तो जिन्याच्या तोंडाशी. शिवाय साडूंना आपला आवाज हळू आहे असं वाटतं. दार उघडलं की ते अत्यंत प्रेमानं "घरात शांतता नांदो!" असं जे ओरडतात, त्यानं मजल्यावरची सगळी शांतता संपते. एकदा एका बाईच्या हातातून पिठाची परात पडली. एकदा आतून एक भलंमोठं कुत्रं भुंकत धावून आलं. साडूंना भुंकणं ऐकू आलं नाही, शेपटी तेवढी दिसली. ते खाली वाकून "ये बाळा" म्हणाले आणि कुत्रं गोंधळून बसलं. मी तोपर्यंत वरच्या मजल्यावर पोहोचलो होतो. खाली जायच्या ऐवजी वर का पळालो ते मला अजून कळलेलं नाही.

नवागाम या कामगारवस्तीत तर सकाळी दार ठोठावणं म्हणजे रात्रपाळी करून निजलेल्या माणसाला उठवणं. एका खोलीतून असाच एक धिप्पाड खानदेशी गडी उघड्या अंगानं बाहेर आला. डोळे लाल, मुठी वळलेल्या. मी मनातल्या मनात ताईची माफी मागून घेतली. साडूंनी त्याची एक मूठ दोन्ही हातांनी उघडली आणि आत खडीसाखर ठेवली. त्यानं ती तोंडात टाकली, चघळली आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "आप्पा, रातपाळी करीसन उनू. निजू द्या ना." साडूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी भिंतीला टेकलो.

आता बेलचं सांगतो. साडूंना बेल ऐकू येत नाही, म्हणून ती दाबायचं काम माझं. मी दाबली की ते विचारत, "वाजली?" मी म्हणे, "वाजली." घरच्या माणसांचे ओठ त्यांना वाचता येतात. एका रविवारी कामरेजच्या बाजूला एका नव्या उंच बिल्डिंगीत गेलो असताना माझं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. मुद्दाम नाही, भीतीनंच. "वाजली?" "वाजली." आम्ही उभे राहिलो. कोणी आलं नाही. कोणी ओरडलं नाही, कुत्रं आलं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू! पुढच्या दारी मी मुद्दाम तेच केलं, आणि मग त्या बिल्डिंगीत दर रविवारी करत गेलो. दार न उघडल्याचं साडूंनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. ते डोळे मिटत, हात जोडून मनातल्या मनात काही म्हणत, आणि उंबऱ्यावर खडीसाखरेचे दोन खडे ठेवत. "घरचे आल्यावर त्यांना कळेल, कोणीतरी चांगलं चिंतून गेलंय." मी मान डोलवी. मनात मात्र ते खडे टोचत. एका बहिऱ्या माणसाला मी दर दारी फसवत होतो, आणि तो माझ्या जिवावर जग हिंडत होता. पण ताईला तो धडधाकट परत मिळत होता ना! या विचारावर मी पुढचा रविवार काढी.

साखरेचा आणि मुंग्यांचा संबंध बँकेतल्या माणसाला सुचायला हवा होता. सुचला नाही.

त्या बिल्डिंगीत दर सोमवारी मजल्यामजल्यावर उंबऱ्यांना मुंग्या लागू लागल्या. लोकांनी शोध घेतला, तर प्रत्येक उंबऱ्यावर पांढरे खडे. कोणी म्हणालं, चोरांची निशाणी. कोणी म्हणालं, मेली विद्या, म्हणजे आपल्याकडे जिला करणी म्हणतात ती. मग कॅमेऱ्यात पाहिलं. पुढच्या रविवारी आम्ही आत शिरलो आणि आमच्या पाठीमागे वॉचमननं फाटक लावून घेतलं. त्या कडीचा आवाज मला आजही ऐकू येतो. साडूंना आला नाही. ते पुढे चालत राहिले.

खालच्या ऑफिसात चाळीसेक माणसं जमली असतील. सोसायटीच्या प्रमुखांनी फोन माझ्यापुढे धरला. मी स्वतःला पहिल्यांदाच असं बाहेरून पाहिलं. एक म्हातारा दबक्या पावलांनी येतो, चपला काढतो. दुसरा माणूस, बूट आवळलेला, इकडेतिकडे पाहत बटणाजवळ बोट नेतो, पण दाबत नाही. दोघं कान देऊन उभे राहतात. म्हातारा काही पुटपुटतो, उंबऱ्यावर काही ठेवतो, आणि दोघं पुढच्या दाराकडे जातात. मी तिऱ्हाईत असतो तर या दोघांना मीच पोलिसांत दिलं असतं.

"आ काका तो ठीक छे," प्रमुख म्हणाले, "पण आ बीजो माणस जुओ. आ चोर ज लागे छे."

बीजो माणस म्हणजे दुसरा माणूस. म्हणजे मी.

मागून एक तरुण बाई पुढे आली. तिचे डोळे जागून सुजलेले होते. "मेरा बच्चा आठ दिन से बुखार में पड़ा है," ती म्हणाली. "जिस दिन से ये रखके गए, उसी दिन से. क्या किया तुम लोगों ने?" गर्दी एक पाऊल पुढे सरकली. कोणीतरी माझी कॉलर धरली. आणि अशा वेळी साडूंनी काय करावं? एवढी माणसं समोर पाहून त्यांचा चेहरा उजळला, त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "सगळ्यांच्या घरात शांतता नांदो! संध्याकाळी दिवा लावला की..." एवढंच नव्हे, लोक पिशवीकडे बोट दाखवताहेत असं पाहून त्यांनी मूठभर खडीसाखर काढली आणि प्रसाद म्हणून पुढे केली. लोक विंचू पाहिल्यासारखे मागे सरले.

मी ती साखर घेतली आणि खाल्ली. सगळी. खडे उतरेनात, पण मी त्या बाईकडे पाहत खात राहिलो. मग मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की हे माझे साडू आहेत, यांना ऐकू येत नाही, हे फक्त घरातल्यांनी पाच मिनिटं एकत्र बसा असं सांगतात. प्रमुखांनी विचारलं, "तो घंटी क्यूं नहीं बजाई?"

"डर लगता था," मी म्हणालो. "आप लोगों का."

कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हाताऱ्या बा बसल्या होत्या. त्या आधी हसल्या. "अरे भाई, बेल वगाडवी हती ने! अमे शुं तने खाई जवाना हता?" आम्ही काय तुला खाणार होतो, हे ऐकून मग एकेक करून सगळे हसले, कॉलर सुटली, कोणी पाणी आणलं. ती बाई मात्र हसली नाही. जाता जाता माझ्यापाशी थांबून म्हणाली, "घंटी बजाते तो मैं दरवाज़ा खोलके पूछ लेती. आठ दिन डरती तो नहीं."

परत येताना मी हायवेवर उसाच्या रसाच्या गाडीपाशी स्कूटर थांबवली. साडूंशी बोलायचं तर समोरासमोर बसावं लागतं.

"दादा, त्या बिल्डिंगीत मी बेल दाबत नव्हतो."

"ठाऊक आहे की."

"कॅमेऱ्यात पाहिलंत?"

"आधीपासनं ठाऊक आहे. रविवारी सकाळी अख्ख्या बिल्डिंगीत एक माणूस घरी नाही, असं कुठं असतंय का? मी बहिरा आहे साडूभाऊ, येडा नाही."

माझ्या हातातला पेला खाली ठेवायला जागा सापडेना. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दाबली नाही की मला बरं वाटायचं." ते रसाकडे पाहत राहिले. "दार उघडणारा काय म्हणतोय, मला काय कळतंय? या म्हणतोय की शिव्या देतोय? अनोळखी माणसाचं नुसतं तोंड हलताना दिसतंय. लई भ्या वाटतं हो. आता तिथं ऑफिसात तर पाय लटपटत होते. म्हणून तर बोलत सुटलो."

म्हणजे ते हसू, ते जोडलेले हात! इतके रविवार मी ज्याला निर्भय समजत होतो तो माणूस माझ्याइतकाच घाबरलेला होता, फक्त त्याला भीतीनं बोलायला होत होतं आणि मला गप्प बसायला.

"भीती वाटते तर जाता कशाला?"

"तुमची ताई भाजी चांगली झाली की वाटीभर शेजारी देते. शेजाऱ्यांनी मागितलेली असते का?"

"पण दादा, भाजी घेऊन कोणी अनोळखी बिल्डिंगीत चौथ्या मजल्यावर जात नाही."

"म्हणून तर भ्या वाटतं," ते म्हणाले आणि उरलेला रस एका दमात प्याले.

लोकांच्या दारी जाऊन देवाचं सांगावं की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पोर तापलेलं असताना बंद दाराआड बसलेली ती बाई आठवली की वाटतं, कोणाच्या उंबऱ्यापर्यंत जाण्याचा आपल्याला काय अधिकार? आणि ती मूठ उघडून साखर चघळणारा गडी आठवला की वाटतं, न जाण्याचा तरी काय?

पुढच्या रविवारी साडू नेहमीप्रमाणे माझ्या दारी आले. पांढरा सदरा होता, गंध होतं, पण पिशवी नव्हती. मुंग्यांचं आणि त्या बाईचं सगळं मी त्यांना मधल्या काळात सांगितलं होतं. "साखर नको आता," म्हणाले. "आधी त्या पोराचा ताप उतरला का विचारू." वॉचमननं आम्हाला ओळखून फाटक उघडलं आणि हसून तोंड फिरवलं. आम्ही चौथ्या मजल्यावर त्या बाईच्या दारापुढे गेलो. साडूंनी चपला काढल्या. का कोण जाणे, मीही बुटांच्या नाड्या सोडल्या आणि थंड फरशीवर अनवाणी उभा राहिलो. मग बेल दाबली. खूप दिवसांनी दाबली, म्हणून असेल, ती फार मोठ्यानं वाजल्यासारखी वाटली.

"वाजली?"

"वाजली."

त्यांनी माझं मनगट धरलं. इतके दिवस त्यांना सांभाळायला म्हणून मी बरोबर जात होतो, पण त्यांचा हात कधी हातात घेतला नव्हता. तो बर्फासारखा गार होता. आत पावलं वाजली. त्यांना ती ऐकू येणार नव्हती, म्हणून मी त्यांच्याकडे तोंड वळवलं आणि सावकाश, ओठ नीट दिसतील असं म्हणालो,

"येताहेत."