तिसऱ्या पिढीची वाट

डिपोटी साहेब शाळेच्या पायऱ्या चढत होते आणि मी हजेरीत मल्लेशच्या नावापुढे घाईघाईनं 'ताप' लिहीत होतो. डिपोटी म्हणजे वर्षातून एकदा अकोल्याला येऊन पोरांची परीक्षा घेणारे तपासनीस. ते पास करतील तोच अमरावतीच्या मोठ्या शाळेत जाई. बाकीच्यांचं वर्ष वाया.

कच्च्या पोरांना त्या दिवशी घरीच ठेवायचं, ही आम्हा पंतोजींची जुनी युक्ती. मल्लेश कच्चा हे मी कशावरून ठरवलं? त्याचे आईबाप कापसाच्या तेजीत तेलंगणातून आले, एवढ्यावरून. त्याला मी कधी धड प्रश्नही विचारला नव्हता. माझा विष्णू मात्र पहिल्या रांगेत बसवला होता.

साहेब टेकतात न टेकतात तोच मल्लेशला हाताला धरून त्याची आई दारात हजर. कापसाच्या गाठी बांधायच्या कामावर होती ती. दोन वर्षांत पक्की वऱ्हाडी बोलायला लागली होती.

"पंतोजी, माह्या पोराले काहून घरी धाडलं?"

"ताप आहे ना त्याला."

"कोनाले? सकायी तीन भाकरी खाल्ल्या त्यानं!"

साहेबांनी हजेरी पाहिली, मग मला. सावरायला म्हणून मी अक्कल पाजळली.

"साहेब, बाहेरून आलेल्यांना विद्या लवकर चढत नाही. पहिली पिढी पोट भरते, दुसरी अक्षरं गिरवते, पास होते ती तिसरी."

"असं?" साहेबांनी मल्लेशला पुढे बोलावलं आणि दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, विचारायला घेतली. "सतराची दिडकी किती?"

"साडेपंचवीस."

मग वाचन झालं, शुद्धलेखन झालं. पोरगं कुठेच अडलं नाही. त्याची आई पदरानं डोळे पुसत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

नंतर विष्णू. त्याला नऊची दिडकी विचारली. तो आढ्याकडे बघत राहिला.

"कोणाचा हा?"

"माझाच, साहेब."

"तुम्ही मूळचे इथले?"

"नाही. साताऱ्याकडून आलो, नोकरीसाठी."

"म्हणजे ह्याचा मुलगा पास होईल," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढचं पोर बोलावलं.

मल्लेश अमरावतीला गेला. विष्णू त्याच वर्गात राहिला. पुढच्या तपासणीला मी सगळी पोरं हजर ठेवली. एकाला तेवढं घरी ठेवावं असं फार वाटत होतं, पण त्याची आई ऐकेना.