चिखलदऱ्याचा मुक्काम

माझे बाबा, डोमाजी, एसटीचे ड्रायव्हर होते. अमरावतीहून चिखलदऱ्याची मुक्कामी गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. संध्याकाळी घाट चढायचा, गाडीतच झोपायचं अन् पहाटे परत निघायचं. आई, सुंदराबाई, घरी. तिनं चिखलदरा कधी पाहिलाच नाही. धड उजेडात तर बाबांनीही पाहिला नव्हता म्हणा.

ते रिटायर झाले अन् आईच्या फुप्फुसांनी दगा दिला. झोपताना ऑक्सिजनचं मशीन लागणारच, अन् ते बंद पडता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यानंतरच ती म्हणाली, चार दिवस चिखलदऱ्याला राहायचंय. बस, एवढंच. पण लॉजमध्ये लाइन कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून बाबांनी जुनी व्हॅन घेतली, मागची सीट काढून झोपायला फळी ठोकली, अन् मशीनसाठी सोलर बघायला आम्ही अकोल्याला गेलो.

दुकानदार पुंजाराम सरळ माणूस. लिथियमची बॅटरी हलकी अन् टिकाऊ, पण आमच्या आवाक्याबाहेरची. मग घरच्या इन्व्हर्टरला असते तसली पाण्याची बॅटरी घेतली. ती जड, अन् निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही. पॅनलचं मी म्हटलं, घडीचं घ्या, उचलून उन्हात मांडता येईल. ते महाग. बाबांनी दोन साधे पॅनल घेतले अन् टपावर नटबोल्टनं आवळून टाकले. ऊन आपल्याकडं फुकट आहे, म्हणे. ऐकतील तर शपथ!

जाण्याआधी अंगणातच रंगीत तालीम केली. घरची वायर लावायची नाही, आईनं रात्री व्हॅनमध्ये झोपायचं. पहिली रात्र छान गेली. दुसऱ्या पहाटे मी डोकावले तर मशीन बंद अन् आईचे ओठ निळे पडलेले. तिला घरात आणून मशीन भिंतीच्या प्लगला लावलं, तेव्हा कुठं तिच्या तोंडावर रंग आला. मी बाबांना नाही नाही ते बोलले.

मग त्यांनी फोन लावून पुंजारामचा उद्धार केला. बाबांचं सगळं ऐकून झाल्यावर त्यानं एकच विचारलं, गाडी उभी कुठं केली? बाबा खिडकीतून बाहेर बघतच राहिले. गाडी कडुनिंबाखाली, अन् टपावरचे पॅनल दिवसभर सावलीत! वऱ्हाडातला ड्रायव्हर, स्टेअरिंग सोडायच्या आधी सावली शोधणार. आमच्याही कुणाच्या डोक्यात ते आलं नव्हतं. अन् उन्हात लावावी, तर पत्रा तापून दुपारी आत टेकलेल्या आईचा जीव घुसमटणार.

बाबा म्हणाले, "विकून टाकतो गाडी."

"विका," आई म्हणाली. "पन मले वर नेल्यावर विका."

बाबांनी पॅनल खाली उतरवले अन् लांब, जाड वायर आणली. चिखलदऱ्यात व्हॅन सावलीत, पॅनल उघड्यावर, अन् त्यांच्यावर माकडं नाचू नयेत म्हणून शेजारी बाबा काठी घेऊन. ऊन सरकलं की पॅनल फिरवायचे. मी बसते म्हटलं तर नाही. आई अन् मी पॉइंट पाहून आलो, बाबा जागचे हलले नाहीत. मला त्यांचा राग आला अन् वाईटही वाटलं.

दुसरी रात्रही सरली, सकाळी मशीन चालूच होतं. आईनं नाकातली नळी काढली अन् बाबांना जवळ बसवलं.

"तुमी इथं मुक्कामाले असले का मले घरी झोप येत नव्हती. घाटाचा भेव वाटे."

"मंग सांगतलं काहून नायी?"

"सांगतलं असतं त तुमी तुमच्या आवडीची मुक्कामी गाडी सोडली असती."

बाबांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ते उठले, काठी माझ्या हातात दिली, अन् आईला धरून हळूहळू दरीच्या बाजूला घेऊन गेले.