वन्संचे दीड महिने

माणसाच्या शरीराविषयी बोलताना वन्सं कधी आवाज खाली आणायच्या नाहीत. माझ्या शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेचे मुख्याध्यापक बायकोला घेऊन भेटायला आले होते. त्यांच्यासमोरच वन्संनी मला विचारलं, "वारं सरलं का गं?" सर खिडकीबाहेर पाहू लागले. मी मान हलवली. "मग आता पेज चालंल," असं म्हणून वन्सं उठल्या आणि सरांना म्हणाल्या, "तुमी बसा निवांत. हितं लाजण्यासारखं काय न्हाई."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आटपाडीजवळच्या एका वस्तीवर राहायच्या. यजमान फौजेत होते. ते गेल्यावर मुलगा आणि डाळिंबाची बाग एवढ्यावर त्यांनी दिवस काढले. मी साताऱ्यात शिक्षिका. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी आम्हा दोघींचं बोलणं सणासुदीपुरतंच होतं. गाठींमुळे दोन वर्षं माझ्या अंगावरून फार जात होतं, म्हणून गर्भाशय दुर्बिणीतून काढायचं ठरलं. मी त्यांना कळवलं नव्हतं. त्यांच्या भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सांगितलं असावं. भरती व्हायच्या आदल्या दिवशी त्या एसटीनं आल्या, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "दीड महिना ऱ्हाणार हाय. नको म्हणू नकोस."

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, सर येऊन गेल्यावर, संध्याकाळी पोटापेक्षा खांदाच जास्त दुखायला लागला. मला वाटलं, हृदयाचं काही झालं. वन्सं सिस्टरला घेऊन आल्या. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात वायू भरतात, उरलेल्या वायूनं खांदा दुखतो, चालल्यावर दोन-तीन दिवसांत कमी होतं, असं सिस्टरनी तपासून सांगितलं. वन्संनी त्यातला कामापुरता शब्द उचलला. "ऊठ," म्हणाल्या. माझं कोपर धरून त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेलं आणि परत आणलं. खोकला आला की पोटाशी उशी दाबून धरायला लावायच्या. कौतुक नाही, धीर नाही. नुसतं चालवायच्या.

घरी आल्यावर अडचण झाली ती छिद्रांची. पोटावर बोटाच्या पेराएवढ्या चार जखमा होत्या. येणारा-जाणारा त्या ऐकून म्हणायचा, "दुर्बिणीतून ना? मग काय, चार दिवसांत उभ्या राहाल." सुरेशला, माझ्या नवऱ्याला, तसंच वाटत होतं. सातव्या दिवशी त्यानं पाहुण्यांसाठी मला चहा टाकायला सांगितलं. वन्सं कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सुरेश, भोकं ल्हान हायत. आतलं काम ल्हान न्हाई. च्या तू टाक." त्यानं टाकला. साखर जास्त झाली होती, तरी सगळ्यांनी प्यायला.

त्याच सुमारास एका दुपारी मी कारण नसताना रडत बसले. मूल एक होतं, ते मोठं झालं होतं, दुसरं नको होतं. तरी रडू थांबेना. वन्सं परात घेऊन शेजारी बसल्या आणि मटार सोलू लागल्या. सोलता सोलता म्हणाल्या, "इतकी वर्सं होतं ते आता न्हाई. रडू यायचंच."

दहाव्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की, त्या बाजारात गेलेल्या पाहून मी भिजलेल्या कपड्यांची बादली गच्चीवर नेली. खाली येईपर्यंत साडी भिजली होती, पाण्यानं नव्हे. वन्सं परतल्या तेव्हा मी बाथरूमच्या दारात बसले होते. त्या ओरडल्या नाहीत. डॉक्टरांना फोन लावला, रक्त कसं आहे, ताप आहे का, पोट फुगलंय का, सगळं आपल्याच भाषेत सांगितलं आणि रिक्षा बोलावली. रिक्षात माझा हात त्यांनी फार घट्ट धरला होता. डॉक्टरांनी तपासलं. आतले टाके शाबूत होते. रक्त हळूहळू थांबलं.

परतल्यावर त्यांनी स्वतःच्या लुगड्याचा घोळ सैल केला आणि पोटावरचा रुंद पट्टा दाखवला. त्याच्या खाली नारळाएवढा फुगवटा होता. "चौतिसाव्या वर्सी माझी पिशवी काढली. पोट फाडून. आठव्या दिवशी पाण्याच्या घागरी वाहाया लागले. कोण न्हवतं घरात. टाकं आतनं सुटलं. तवापासनं आतडं बाहीर येतंय." हे त्या दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगत होत्या. मला इतकी वर्षं यातलं काही ठाऊक नव्हतं.

दीड महिन्यानं मला तपासणीला बोलावलं होतं. तेव्हा मी हट्टानं त्यांनाही डॉक्टरांसमोर बसवलं. हर्निया आहे, लवकर शस्त्रक्रिया करा, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "डाळिंबं उतरली की करू." मी, "वन्सं, आत्ताच करू," असं दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी त्या आटपाडीला गेल्या.

डाळिंबं उतरायच्या आधीच भाच्याचा फोन आला. उलट्या होत होत्या, पोट दगडासारखं झालं होतं. त्यानं त्यांना सांगलीला नेलं होतं. मी पोचले तोवर शस्त्रक्रिया झाली होती. आतड्याचा तुकडा काळा पडला होता. त्या तीन दिवस जगल्या. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर होत्या, तेव्हा मी म्हटलं, "मी तुम्हाला जाऊच द्यायला नको होतं." त्या थांबून थांबून बोलल्या, "तू म्हणली हुतीस. मीच न्हाई म्हणले. मनाला लावून घिऊ नको." मी मनाला लावून घेतलं. अजूनही ते गेलेलं नाही.

तेराव्याला वस्तीवर गेले. जेवणं उरकल्यावर बायका ओसरीवर बसल्या होत्या. वन्सं कशानं गेल्या हे मी कुणालाही समजेल अशा शब्दांत सांगितलं. आवाज खाली आणला नाही. काही बायांनी पदर तोंडाला लावला. सगळ्या उठून गेल्यावर शेजारची एक बाई मागे राहिली. चाळिशीची असेल. म्हणाली, "ताई, माजं बी पोट तसंच फुगतंय. तीन वर्सं झाली. दावावं का कुणाला?"

"घरी कुणाला सांगितलंय?"

"न्हाई."

"उद्या सकाळी तयार राहा," मी म्हणाले. "सांगलीला जाऊ."

सकाळच्या गाडीनं मी साताऱ्याला निघणार होते. शाळेत फोन करून आणखी दोन दिवसांची रजा सांगितली.