बांधाजवळचा भोपळा

वालूरला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. पंधरा वर्षं लोकांना बी विकतोय, पण स्वतःच्या हातानं लावून वाढवलेलं म्हणावं असं काही नाही. गावाबाहेर दीड एकर रान आहे, ते मजुरांकडून करून घेतो. त्यामुळे माणूस आत बसेल एवढ्या भोपळ्याचा व्हिडिओ बघून मी पार्सलनं पाच बिया मागवल्या, तेव्हा बायको हसली.

"दुकानात पोत्यानं बी पडलंय, अन् तुमी पाच बिया बाहेरून मागवायलात?"

संक्रांत झाल्यावर बिया लावल्या. तीन उगवल्या, एकच वेल जोर धरून पसरला. त्या व्हिडिओतला माणूस थंड मुलखातला होता, त्याला काळजी होती गारठ्याची. आमच्याकडे मार्चमध्येच अकरा वाजता पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायला लागली. मी वर हिरवी जाळी बांधली, बुडाशी उसाचं पाचट टाकलं. सकाळी उजाडताच जाऊन नर फूल तोडायचं, मादी फुलावर फिरवायचं, मग येऊन दुकान उघडायचं, असा नेम सुरू झाला.

पहिलं फळ लिंबाएवढं झालं आणि पिवळं पडून गळालं. दुसरंही. चौथं गळालं तेव्हा मला संशय आला. दुकानात कुणी हीच तक्रार आणली असती तर मी बसल्या जागी सांगितलं असतं की उन्हानं फळ धरत नाही. स्वतःच्या वेलाचं मात्र मला तसं वाटेना. मला बांधापलीकडचे आप्पा दिसायला लागले.

आप्पांचं रान माझ्या रानाला लागून. सत्तरी उलटलेला माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, दिवसभर आपल्या कडुलिंबाखाली बसलेला. तिथून माझा वेल पुरता दिसायचा. दोन वर्षांपूर्वी बांधावरून आमचं वाजलं होतं. मी सरकारी मोजणी आणली होती, तिच्यात बांध दोन हात त्यांच्याकडे सरकला आणि तेवढी जमीन त्यांची गेली. तेव्हापासून रामराम सोडला तर बोलणं नव्हतं.

पाचवं फळ धरलं. नारळाएवढं झालं तेव्हा एका सकाळी त्याच्या सालीवर नखाची खूण दिसली. चंद्रकोरीसारखी, वर वाळलेला चीक. मी त्याच दिवशी भोवती बाभळीच्या काट्या लावल्या. तीन-चार दिवसांनी पाहतो तर एक काटी उचलून पुन्हा नीट ठेवलेली. मी लावताना बुड दक्षिणेला ठेवलं होतं, आता ते उत्तरेला होतं. भोपळा वाढत गेला तशी ती खूणही लांबट, रुंद होत गेली. रोज सकाळी आधी तीच दिसायची.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी दुकान बायकोवर सोडून अचानक रानात गेलो. आप्पा काट्यांच्या आत वाकून उभे होते, हातात गोणपाटाचा ओला बारदाना.

"काय करायलात?" मी ओरडलोच.

ते दचकले नाहीत. "जाळी सरकली होती. ऊन लागायलं होतं त्याला. टाकावं म्हणलं वरून ओलं काही."

"अन् नख कुणी लावलं?"

"मीच. कवळा हाय का बघितलं. बाजारात दुधीला लावत न्हाईत का?"

"आप्पा, ते माझं हाय. पुन्हा आत येऊ नका."

त्यांनी बारदाना तिथंच ठेवला, काटी जागेवर लावली आणि गेले. मी मात्र गुडघ्यावर बसून माती हुंगली. तणनाशकाचा वास मला ओळखता येतो, रोज तेच विकतो. वास नव्हता. तरी मी तो बारदाना उचलून बांधावर फेकला. वाटलं, कशात भिजवला असेल कुणास ठाऊक.

मे लागला. भोपळा आता दोन्ही हातांच्या कवेत मावत नव्हता. लोक दुकानात विचारायचे, "काय टाकलं त्याला?" मी शेणखत सांगायचो, ते एकमेकांकडे बघायचे. एक दिवस वारं इतकं तापलं की मला राहवेना, ठिबक सकाळीच सोडलं. दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत ते विसरून गेलो आणि संध्याकाळी जाऊन बंद केलं.

दुसऱ्या सकाळी भोपळा देठापासून खालपर्यंत तडकलेला होता. आत केशरी मगज, त्यावर मुंग्या. मी सरळ लिंबाखाली गेलो.

"झालं समाधान? काय मारलं त्याला? दगड?"

आप्पा उठले, काठी टेकत माझ्या मागून आले. काट्यांच्या बाहेरच थांबले.

"येऊ का आत?"

मी मानेनंच हो म्हणालो. त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं.

"ह्या कडा बघ. बाहेर आल्यात. दगड मारला असता तर साल आत गेली असती. आतून फुटलाय ह्यो. काल तुझी मोटर दिवसभर चालू होती. बंद का न्हाई केलीस?"

मी ठिबकच्या नळीकडे पाहिलं.

"आता मी इचारतो," ते म्हणाले. "खरं सांग. काय टोचलंस ह्याला?"

"काहीच न्हाई, आप्पा."

"औषधाचं दुकान हाय तुझं. सून लेकरांना इकडं फिरकू देत न्हाई. वास येतोय म्हणती."

म्हणजे आम्ही सबंध उन्हाळा बांधाच्या दोन बाजूंनी एकाच भोपळ्याचा वास घेत होतो.

दोघांनी मिळून तो बाहेर काढला. दुकानातल्या काट्यावर एक्केचाळीस किलो भरला. व्हिडिओतल्यांपुढे तो पिल्लूच, पण वालूरमध्ये असा कुणी पाहिला नव्हता. बघायला सगळे आले, फोड घ्यायला कुणी हात पुढे केला नाही. एकानं तर मला आधी खायला लावलं आणि मी खाल्ल्यावरही घेतली नाही. आमच्या घरी बायकोनं भाजी केली. चव बरी होती, थोडी पाणचट.

आप्पांना मी मोठा तुकडा नेऊन दिला आणि बारदान्याबद्दल चुकलो म्हणालो. त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला, घेतला.

चार दिवसांनी ते दुकानाशी आले. "गोड होता," म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. घरात खाल्ला की म्हशीला घातला, ते मला कळेना. विचारायची हिंमत झाली नाही. "बसा आप्पा," म्हणालो आणि चहा सांगितला. चहा आला तेव्हा त्यांनी आधी माझा कप तोंडाला लागू दिला, मग आपला उचलला.