आंटींच्या प्रार्थनेचं पान

शारजाला रोल्ला बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायचो तेव्हा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये गोव्याच्या एक आंटी होत्या. दवाखान्यात नर्स. हसल्या की खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. त्या कोकणी बोलायच्या, मी मराठी. अडलं की हिंदी.

मी पुण्यात कमर्शियल आर्ट केलेलं, पण इथे नवऱ्याच्या व्हिसावर घरीच होते. एकदा आंटींनी मला एक जाडजूड पुस्तक दाखवलं. त्यांच्या मुलीने युरोपातून आणलेलं. त्यात मध्ययुगातल्या, हाताने लिहिलेल्या प्रार्थनापुस्तकांची पानं छापली होती. पहिलं अक्षर केवढं तरी मोठं, निळं, त्याच्या पोटात बाळाला घेतलेली मरियम. भोवती वेलबुट्टी आणि मूळ पानांवर म्हणे खरं सोनं. समासात मात्र भलताच कारभार चाललेला! ससा शिकाऱ्याच्या मागे लागलाय, माकड डॉक्टर होऊन बाटली तपासतंय, चिलखत घातलेला शिपाई गोगलगाईला घाबरून पळतोय.

"आंटी, देवाच्या पुस्तकात हे?"

"मगे? प्रार्थना लांबली की माणसाने बघायचं काय?"

त्या उन्हाळ्यात आंटी रिटायर होऊन गोव्याला जाणार होत्या. त्यांच्या रोजच्या कोकणी प्रार्थनेचं असंच, पहिल्या मोठ्या अक्षरात मरियम असलेलं एक पान करून द्यायचं मी ठरवलं.

कुराणातल्या आयतांच्या फ्रेमा करणाऱ्या दुकानातून सोन्याचा वर्ख आणला. पुस्तकात वाचून खडूची पूड, सरस आणि चिमूटभर साखर यांचा लेप केला आणि अक्षरावर दिला. तो वाळला की त्यावर तोंडाने वाफ सोडायची, म्हणजे वर्ख चिकटतो, असं लिहिलं होतं. मी हा-हा करून दमले. वर्ख चिकटेना, उलट एसीच्या कोरड्या वाऱ्याने उडून सोफ्यावर जाऊन बसला. माझी मुलगी म्हणाली, "मम्मा, द सोफा लुक्स रिच!"

दोन दिवस रडकुंडीला आले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. जीव गुदमरायला लागला म्हणून बाल्कनीचं दार उघडलं, तर ऑगस्टची दमट हवा घरभर पसरली. सहज वर्ख टेकवला. बसला! घाम पुसत पुसत मी संध्याकाळपर्यंत सगळं सोनं लावलं आणि अंगठीतल्या गुळगुळीत अकीकाच्या खड्याने घासलं. असं चकाकलं म्हणता!

मग समास. तिथे आंटी भलंमोठं इंजेक्शन घेऊन एका शिपायाच्या मागे धावतायत, आणि टाय लावलेला माझा नवरा गोगलगाईवर बसून रोजच्या ट्रॅफिकमधून दुबईला ऑफिसला निघालाय.

निरोपाच्या जेवणाला पान उघडलं. आंटींनी आधी मरियमला नमस्कार केला, मग चष्मा लावून समास बघितला आणि हसता हसता खुर्चीत बसल्या.

"मी असा दिसतो?" नवऱ्याने विचारलं.

"एक्झॅक्टली, बाबा," मुलगी म्हणाली.

दोन महिन्यांनी गोव्याहून फोन आला. पाद्री घरी आशीर्वाद द्यायला आले होते, ते त्या पानापुढून हलायलाच तयार नव्हते म्हणे. "आता माझ्या बहिणीलाही एक हवं."

"त्यांच्या समासात काय काढू?"

"तिचा घोव काढ, तिचा नवरा," आंटी म्हणाल्या. "माकड वेगळं काढायला नको."

तेही पान मी नाताळाच्या आत पाठवलं.