चाळीस ओळींची परवानगी

“चालतंय ते दिसतंय मला. लिहिलंय कोणी?” पनवेलच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये कोणी नवा प्रोग्राम दाखवला, की मॅडम चष्मा कपाळावर चढवून हेच विचारायच्या. इंटरनेटवरून उचललेला असला की पोरं ततपप करायची. मी तिथं शिकवायचो. खरं सांगतो, मीही करायचो.

मॅडमनी तरुणपणी एका सहकाऱ्याबरोबर भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा प्रोग्राम केला होता. हा सहकारी उरणच्या कोळ्यांच्या घरातला. कुठल्या तिथीला खाडीचं पाणी कधी चढतं, ते त्याला तोंडपाठ. ते गणित त्यानं चाळीस ओळींत बसवलं होतं. पुढे तो वारला. क्लास बंद करताना मॅडमनी ठरवलं, प्रोग्रामचा सगळा सोर्स कोड, म्हणजे त्याच्या आतल्या लिहिलेल्या ओळी, लोकांना खुला करायचा, एकही अट न घालता.

अडल्या त्या चाळीस ओळी. “त्या माझ्या नाहीत. त्याच्या घरी विचारायला हवं.”

“अहो मॅडम, चाळीसच ओळी! चहा येईपर्यंत नव्या लिहून देतो.”

“देशील रे. आणि त्याला काढून टाकशील.”

झालं! गुडघे दुखत असताना मॅडम उरणला निघाल्या, मी मागोमाग.

त्याची बायको, म्हणजे वहिनी, दारात मासळी साफ करत होत्या. मॅडम शेजारी जमिनीवरच बसल्या आणि समजावू लागल्या: हा प्रोग्राम कोणीही घेईल, बदलेल, विकेलसुद्धा.

“घेऊ द्या, आमाला काय करायचाय? पन त्याचा नाव ऱ्हाईल ना?”

मॅडम चपापल्या. कोड खुला करण्यासाठी त्यांनी निवडलेल्या बिनअटीच्या परवान्यात नाव ठेवायचं बंधनच नव्हतं. “राहील,” त्या म्हणाल्या. परतताना बसमध्ये मला म्हणतात, “इतकी वर्षं पोरांना झापलं, आणि माझ्याच लक्षात आलं नाही बघ!” दुसऱ्याच दिवशी त्यांनी परवाना बदलला. काहीही करा, मूळ लेखकांची नावं मात्र पुसायची नाहीत. त्याचं नाव वर, स्वतःचं खाली. काय बाई होती! मला फार अभिमान वाटला.

मॅडम गेल्या वर्षी गेल्या. परवा पाहतो तर कोणा अनोळखी माणसानं त्या प्रोग्रामचं मोबाइल ॲप केलेलं. तडक उरण गाठलं. वहिनींनी हात पदराला पुसून फोन घेतला. त्यांना वाचता येत नाही. मी ॲपमधल्या त्याच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं.

“आन् ह्या खालचा कोनाचा?”

“मॅडमचं.”

“त्या का नाय आल्या?”

मी सांगितलं. वहिनींनी फोन माझ्यापुढे धरला.

“परत एकदा वाचा ना,” त्या म्हणाल्या. “दोगांची.”

मी वाचली.