रापणीची पुळण

बायकांची राखीव जागा आली म्हणून मला ग्रामपंचायतीला उभं केलं आणि मी निवडून आले. मासे विकणारी बाई, गप्प बसेल, सही करील, असा सगळ्यांचा अंदाज. भर बाजारात बसून बांगडे विकणारी बाई गप्प कशी बसेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या पावसात समुद्राने किनाऱ्यावरचे बरेच माड ओढून नेले. पंचायतीने ठरवलं, पुळणीला या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडांचा बंधारा घालायचा. मालवणहून बंधाऱ्याचे साहेब नकाशा घेऊन आले. मी विचारलं, मग रापणीचं एवढं मोठं जाळं किनाऱ्यावर कुठे ओढायचं? त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. होडीपुरती एक फट ठेवली होती. मला हसू आलं आणि रागही आला. होडी जाईल हो फटीतून, पण जाळ्याचं काय?

बोलून कळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पुळणीवर नेलं. होडी जाळं सोडत समुद्रात वळसा घालून आली होती. जाळ्याचा एक दोर या टोकाला, दुसरा पार त्या टोकाला. दोन्हीकडे माणसं दोर ओढत मागे मागे सरकत होती. साहेब लांबून बघत होते.

"सायबानू, हात लावा. दोराक हात लायलो काय वाटो गावता, परको आसलो तरी," मी म्हटलं. रापणीचा नियमच तसा, ओढेल त्याला मासळीचा वाटा.

त्यांनी बूट काढून दोर धरला. मागे सरकता सरकता बंधाऱ्यासाठी स्वतःच मारलेल्या खुंटीला अडखळले आणि वाळूत बसले.

"हयच तुमचे दगड येतले," मी म्हटलं. ते उठून पुन्हा दोर ओढू लागले. जाताना वाट्याचे बांगडे घेऊन गेले.

मग साहेबांचा निरोप आला. पंचायतीने लिहून दिलं तर रापणीचा पट्टा वगळू. ग्रामसभेत सरपंच मला म्हणाले, "वयनी, थंय दगड नाय पडले तर पयले तुझेच माड दर्यात जातले."

खरं होतं ते. त्या पट्ट्यामागेच माझं घर आणि सासऱ्यांनी लावलेले माड.

"जावंदेत. माड माजे, पुळण गावाची."

ग्रामसेवकाच्या हातातली वही ओढून वेड्यावाकड्या अक्षरांत मीच लिहिलं, 'रापणीच्या जागेवर दगड नको. माझे माड गेले तर भरपाई मागणार नाही.' सही केली आणि वही सरपंचांपुढे सरकवली. सगळं गाव बघत होतं, त्यांनाही करावी लागली.

पुढच्या पावसाळ्यांत माझे माड एकेक करून पडले. मी रडले, पण एकही विकला नाही. ओंडके रापणकारांना दिले. होडी वाळूवर चढवताना ते ओंडके तिच्याखाली घालतात.